चढ, खेचरं आणि पेटंट

तुमचे बूट लाल चिखलात घोट्यापर्यंत रुतले आहेत. साल १८८७. हिवाळा तोंडावर आलेला. गाव अमेरिकेतलं रिचमंड, व्हर्जिनिया राज्याची राजधानी. यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचं सरकार याच शहरात बसत होतं. १८६५ साली पराभव दारात आला तेव्हा पळ काढताना लावलेल्या आगीत इथली बाजारपेठ जळाली. बावीस वर्षांनी त्या शहराला पुन्हा मोठं व्हायची घाई झाली आहे, आणि त्या घाईत टेकड्यांवरून बारा मैल ट्रामचे रूळ अंथरले गेले आहेत.

त्या रुळावर पाय देऊन बघा. दबतो ना? खाली खडी नाही. हलके रूळ चिकणमातीवर नुसते ठेवल्यासारखे आहेत. वळणं अशी, की काहींची त्रिज्या तीस फूटसुद्धा भरत नाही. आणि चढ! आपल्या बोरघाटात आगगाडीला ३७ फुटांमागे एक फूट चढावं लागतं, तर मागून ढकलायला इंजिनं लावतात. इथे काही ठिकाणी दहा फुटांमागे एक फूट चढ आहे. त्यावरून घोड्याशिवाय ट्राम चालवायची आहे, विजेवर.

शेडच्या दाराशी तो सडसडीत तरुण उभा आहे ना, टायफॉइडमधून नुकताच उठलेला, तो फ्रँक ज्युलियन स्प्रेग. वय तीस. नौदलाच्या अकादमीत शिकलेला. १८८२ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या विजेच्या प्रदर्शनाला गेला होता, तेव्हा तिथल्या भुयारी रेल्वेतला वाफेच्या इंजिनांचा धूर त्यानं पोटभर खाल्ला. तेव्हापासून विजेच्या गाडीचं खूळ त्याच्या डोक्यात आहे. परत आल्यावर एडिसनकडे नोकरी धरली, वर्षभरात सोडली आणि १८८४ साली स्वतःची कंपनी काढली.

याच १८८७ सालच्या मे महिन्यात त्यानं जो करार केला, तो शहाण्या माणसानं करू नये असा आहे. ३७५ अश्वशक्तीचं पॉवरहाउस, बारा मैलांवर डोक्यावरून तार, ४० डबे, प्रत्येकी दोन म्हणजे ८० मोटरी, आणि त्यातले ३० डबे एका वेळी चालते. हे सगळं ९० दिवसांत. काम पसंत पडलं तर १,१०,००० डॉलर मिळणार. सही करताना त्याच्याकडे तयार काय होतं? मोटरचा एक आराखडा आणि प्रयोगापुरती जुळवलेली थोडी सामग्री. मग टायफॉइडनं त्याला आडवं केलं. ९० दिवस केव्हाच उलटून गेले आहेत.

आता जरा वाका आणि डब्याच्या पोटाखाली बघा. मोटर चालते, हे जगाला ठाऊक होऊन काही वर्षं झाली आहेत. १८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्सच्या विजेच्या छोट्या इंजिनानं माणसांना गोल फेरी मारून आणली. १८८१ पासून बर्लिनजवळ लिष्टरफेल्डे इथे विजेची ट्राम धावते आहे. अडचण वेगळीच आहे: मोटर ठेवायची कुठे? डब्यात ठेवली तर साखळीनं किंवा पट्ट्यानं चाकापर्यंत जोर न्यावा लागतो. साखळी तुटते, पट्टा घसरतो. चाकाच्या आसालाच घट्ट बांधली तर रुळाचा प्रत्येक दणका थेट तारांच्या गुंडाळ्यांना बसतो. आणि डब्याच्या चौकटीला बांधली तर डबा वरखाली होताना गिअरचे दाते एकमेकांपासून सुटतात.

स्प्रेगनं मोटरची एक बाजू बेअरिंगवर आसावर टेकवली आहे आणि दुसरी बाजू चौकटीला स्प्रिंगवर टांगली आहे. चाक उडालं तर मोटर आसाभोवती किंचित डोलते, पण गिअरच्या दोन चाकांमधलं अंतर केसभरही बदलत नाही. एकचाकी हातगाडी आठवा: एक टोक चाकावर, दुसरं माणसाच्या हातात. अमेरिकेत या मांडणीचं नाव त्या हातगाडीवरूनच पडलं. भारतातल्या कितीतरी विजेच्या इंजिनांत मोटर अजून अशीच टांगलेली असते.

रात्र होऊ द्या. आज डबा टेकडीवर नेऊन बघायचा आहे. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर एवढा चढ नुसत्या पकडीवर चढेल का, याची खात्री खुद्द स्प्रेगला नाही. नाही चढला तर सगळ्यात उभ्या टप्प्यावर ओढून न्यायला दोर बसवावा लागेल. तुम्ही मागच्या बाकावर बसा. शेजारी डेना ग्रीन आहे, तोही नौदलातून आलेला.

डबा हलतो. खालून घरघर सुरू होते आणि चढ लागताच तिचा आवाज जड होतो. फ्रँकलिन स्ट्रीटवर तुमची पाठ बाकाला टेकते. दिवे मंदावतात. तापलेल्या लाखेचा वास नाकात शिरतो. मोटरच्या तारांवरचं वेष्टण भाजतं आहे. चाकं घसरत नाहीत. डबा चढतो आहे. माथ्यावर पोचतो. आणि मग खालून हिसके बसायला लागतात, घोडा बिथरल्यासारखे. आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागात, शॉर्टसर्किट. मोटर संपली.

नेमकं त्याच वेळी नाटक सुटलेलं आहे. लोक रस्त्यावर येतात, घोड्याविना उभा असलेला डबा पाहून भोवती जमतात. स्प्रेगच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. सर्किटमध्ये किरकोळ बिघाड दिसतो आहे, तो शोधायला जरा उपकरणं घेऊन या, असं तो ग्रीनला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. मग दिवे मालवतो आणि बाकावर आडवा होतो. अंधारात बघण्यासारखं काही उरत नाही, तशी गर्दी पांगते. बऱ्याच वेळानं ग्रीन परत येतो, उपकरणं घेऊन. चार उपकरणं. चारही धिप्पाड खेचरं.

डबा खेचरांनी ओढत परत नेला, हे हसण्यावारी नेऊ नका. त्या रात्री एका प्रश्नाचा निकाल लागला. पकड पुरते, दोर लागणार नाही. कमी पडले ते गिअर. मोटर फार भरभर फिरते, चाकाला हवा असतो मंद पण दमदार जोर, आणि मध्ये दात्यांची एकच जोडी होती. आणखी एक जोडी घातली की मोटरवरचा भार उतरतो. म्हणजे ८० मोटरींचं दात्यांचं सगळं काम पुन्हा करायचं. ९० दिवसांच्या करारात, तेही मुदत उलटून गेल्यावर.

ते काम होईपर्यंत आगगाडीनं उत्तरेला शंभरेक मैलांवर वॉशिंग्टनला जाऊन येऊ. तारीख २९ नोव्हेंबर १८८७. समोर ग्रीक देवळासारख्या खांबांची प्रचंड इमारत दिसते, ते पेटंट कार्यालय. १८८० पर्यंत इथे अर्जासोबत यंत्राची छोटी प्रतिकृती द्यावी लागायची. १८७७ च्या आगीत अशा हजारो प्रतिकृती खाक झाल्या. आता कागद आणि आकृत्या पुरतात. आज मंजूर झालेल्या पेटंटांमध्ये ३,७३,९१५ क्रमांकाचं काढा. विषय: धावत्या गाडीशी तारायंत्रानं बोलणं. शोधक: ग्रॅनव्हिल टी. वुड्स. कृष्णवर्णीय, फार शाळा न शिकलेला, सिनसिनाटीत काम करणारा.

आकृती बघा. डब्याच्या खाली तारेचं वेटोळं टांगलं आहे आणि रुळांच्या कडेनं एक तार अंथरली आहे. दोन्ही एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. वेटोळ्यातला प्रवाह कमीजास्त केला की मधली हवा ओलांडून तारेत प्रवाह उमटतो, आणि उलटही. ठिपका-रेघ या बाजूनं त्या बाजूला जाते. पुढच्या मार्गावर गाडी उभी आहे, हे ड्रायव्हरला स्टेशनात शिरण्याआधी कळू शकतं. एका रुळावर समोरासमोर गाड्या आदळण्याच्या त्या काळात याचं मोल काय, ते सांगायला नको.

या एका कागदासाठी वुड्सला भांडावं लागलं. ल्युशियस फेल्प्स नावाच्या दुसऱ्या शोधकाचाही याच कल्पनेवर दावा होता. असे दोन दावे आले की कार्यालय तेव्हा तपासायचं: कल्पना आधी कोणाला सुचली, ती प्रत्यक्षात आणायला कोण झटला, जुनी रेखाटनं कुठे आहेत, ती कोणी पाहिली आहेत. वुड्स ते प्रकरण जिंकला. पण या इमारतीत मिळतो तो हक्क. रूळ, तारा आणि डबे विकत घ्यायला लागणारा पैसा मिळत नाही. वुड्सनं आयुष्यात पन्नासच्या आसपास पेटंटं मिळवली, त्यातली कितीतरी कंपन्यांना विकली, आणि १९१० साली तो गेला तेव्हा हातात फारसं काही नव्हतं.

आता परत रिचमंडला. २ फेब्रुवारी १८८८. ट्राम रीतसर सुरू झाली आहे आणि रोज नवं काहीतरी मोडतं आहे. डब्याच्या छपरावरचा दांडा तारेला खालून चाक टेकवून वीज घेतो; वळणावर ते चाक तारेवरून सुटतं, की डबा अंधारात उभा. हा दांडा जमेपर्यंत कित्येक आराखडे फेकून द्यावे लागले. एके दिवशी पाऊस गोठतो, तारेवर बर्फाचं वेष्टण चढतं आणि वीज खाली उतरेना. तेव्हा एक मेकॅनिक झाडू घेऊन छपरावर चढतो आणि डबा पुढे सरकेल तसा बर्फ झाडत जातो. वादळात वीज तारेवर कोसळते आणि मोटरी जळतात.

सगळ्यात चिवट दुखणं ब्रशचं. फिरत्या आर्मेचरला वीज पोचवायला त्याच्यासोबत फिरणाऱ्या तांब्याच्या कम्युटेटरवर धातूचे ब्रश घासत असतात. ठिणग्या उडतात, पितळ झिजतं, रस्त्यावर पिवळा भुगा सांडत जातो. ब्रश बदलता बदलता माणसं रडकुंडीला येतात. यावरचा उपाय स्प्रेगचा नाही. मूळचा बेल्जियमचा, अमेरिकेत ट्रामचाच धंदा करणारा त्याचा प्रतिस्पर्धी चार्ल्स व्हॅन डेपोल याला तो याच १८८८ साली सुचला: धातूऐवजी कार्बनचा ब्रश वापरायचा. कार्बन स्वतः मंदपणे झिजतो, तांब्याला ओरखडत नाही, ठिणगी दाबतो. आजही मोटर दुरुस्त करणारा पहिल्यांदा ‘कार्बन गेला का’ तेच बघतो.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली एक रात्र. हेन्री व्हिटनी बॉस्टनहून आला आहे; तिथल्या ट्राम कंपनीचा अध्यक्ष, पदरी हजारो घोडे. त्याच्या व्यवस्थापकाची शंका रास्त आहे: मिरवणूक किंवा आग यामुळे रस्ता अडला, दहावीस डबे एकामागे एक तुंबले आणि सगळे एकदम सुटायला गेले, तर तुमची वीज पुरेल का?

स्प्रेग दिवसाची वाहतूक संपू देतो. मग चर्च हिलच्या पायथ्याशी २२ डबे नाकाला शेपटी लावून उभे करतो. ही तार एका वेळी चार डब्यांसाठी बेतलेली आहे. तुम्ही पॉवरहाउसमध्ये थांबा. खरा खेळ इथे दिसेल. इंजिनिअरला ताकीद आहे: फ्यूज जाड घाल, व्होल्टेज ५०० पर्यंत चढव, आणि काहीही झालं तरी हात सोडू नकोस. बाहेर कंदील हलतो. पहिला डबा सुटतो, जरा जागा झाली की दुसरा, मग तिसरा. जनित्र कण्हतं, पट्टे ताणतात, काटा घसरायला लागतो: ४००, ३००, २००. डब्यांतले दिवे निखाऱ्याएवढे उरतात. पण एकही फ्यूज उडत नाही. एकामागून एक बावीसच्या बावीस डबे टेकडीच्या वळणाआड जातात. थोड्या वेळानं दिवे पुन्हा भरात येतात.

व्हिटनीनं बॉस्टनमध्ये वीज आणायची ठरवली, आणि मग शहरांची रांग लागली. दोनेक वर्षांत स्प्रेगच्या पद्धतीच्या शंभरावर ट्राम उभ्या राहिल्या किंवा उभ्या राहत होत्या. रिचमंडच्या करारात मात्र तो ७५ हजार डॉलरच्या खड्ड्यात गेला. १८९० साली एडिसनच्या कंपनीनं त्याची कंपनी गिळली आणि यंत्रांवरून त्याचं नाव पुसलं गेलं. ते त्याला जन्मभर लागलं.

पुढची उडी नऊ वर्षांची. जुलै १८९७, न्यूयॉर्क राज्यातलं स्केनेक्टडी, कारखान्याच्या आवारातला रुळाचा तुकडा. सहा डब्यांची गाडी उभी आहे. इंजिन शोधू नका, ते नाहीच. मधल्या काळात स्प्रेगनं उंच इमारतींच्या लिफ्ट केल्या. तिथे त्याला कळलं, की मोटरचा दणदणीत प्रवाह हाताखालच्या बटनातून जायची गरज नसते. हलका प्रवाह हुकूम देतो आणि मोटरजवळचं यंत्र तो पाळतं. मग एकाच जागेवरून दहा लिफ्टना हुकूम देता आला, तर दहा डब्यांना का नाही?

दोन डब्यांच्या मधल्या जागेत उतरून बघा. कपलिंगच्या शेजारी एक जाड केबल लोंबते आहे. तिच्यातून हुकमाचा हलका प्रवाह जातो. प्रत्येक डब्याच्या मोटरी, त्यांचे स्विच, त्यांची ताकद ज्याची त्याच्यापाशी. पुढचा माणूस मूठ फिरवतो आणि सहाही डबे एकाच क्षणी जोर लावतात. डबे वाढवा, ताकद आपोआप वाढते. तोडा, दोन गाड्या होतात. वाफेच्या गाडीत डबे वाढले की इंजिन दमतं; इथे तो हिशेबच मोडीत निघाला. शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेसाठी हे काम घेताना स्प्रेगला एक लाख डॉलरचा जामीन द्यावा लागला आहे, एवढा या कल्पनेवर लोकांचा विश्वास.

आज मूठ कोणाच्या हातात आहे बघा. त्याचा मुलगा डेस्मंड. वय वर्षं दहा. गाडी सुटते, थांबते, उलटी जाते. बघायला आलेल्या मंडळींना स्प्रेगला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचा मुक्काम घरचा. ३ फेब्रुवारी १९२५, मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस. फलाटावर टोप्या, पगड्या, फेटे. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन समारंभाला आले आहेत. जीआयपी रेल्वेची पहिली विजेची गाडी हार्बर मार्गानं कुर्ल्याला निघणार आहे. वरच्या तारेत १५०० व्होल्ट. मुंबईकरांना वीजगाडी नवी नाही, रस्त्यावर १९०७ पासून विजेची ट्राम धावते आहे, तीही छपरावरच्या दांड्यानं तारेतून वीज घेत. नवं आहे ते चार डब्यांच्या गाडीला इंजिन नसणं.

कुर्ल्यापर्यंत जाऊन या, आणि टर्मिनसवर परत आल्यावर मोटरमनवर नजर ठेवा. वाफेच्या गाडीचं इंजिन अशा बंद टोकाला अडकतं. ते सोडवायचं, दुसरं मागून लावायचं, त्यात फलाट अडून राहतो. हा गडी मात्र आपली मूठ काढतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी परतीला तयार. समुद्र आणि गावठाण यांच्यात चेपलेल्या या शहरात फलाट वाढवायला जागा नाही. फेऱ्या वाढवायच्या तर त्या याच वाटेनं. पुढे संच जोडत जोडत आठ डबे होतील, नऊ, बारा, पंधरा. डब्यांच्या मधली ती केबल, कारशेडमध्ये जिला जंपर म्हणतात, प्रत्येक जोडावर असेल.

या पद्धतीवरचं स्प्रेगचं अमेरिकी पेटंट १९०० साली मंजूर झालं. तेव्हा मुदत सतरा वर्षांची होती. १९१७ साली ती संपली. मुंबईत गाडी सुटली त्या दिवशी तिच्यातली ही मूळ कल्पना अमेरिकेतसुद्धा कोणाची खासगी राहिली नव्हती. पेटंटचा सौदा तसाच असतो. शोधकानं काहीही हातचं न राखता लिहून द्यायचं, सरकारनं मोबदल्यात ठरावीक वर्षांची मक्तेदारी द्यायची, आणि मग ज्याला जमेल त्यानं ते वापरायचं. स्प्रेगनं मोटर टांगली, व्हॅन डेपोलनं कार्बन दिला, वुड्सनं न शिवता बोलणं दाखवलं. वॉशिंग्टनच्या कार्यालयात यांच्या फायली वेगवेगळ्या होत्या आणि दावे एकमेकांशी भांडत होते. रुळावर ते भांडण टिकत नाही, कारण एकाच गाडीला मोटर, ब्रश आणि संदेश हे सगळंच लागतं. हक्काची वर्षं सरल्यावरही ज्या युक्त्या रोजच्या कामाला येत राहतात, त्यांच्यासाठीच तर तो कागद लिहून घ्यायचा असतो.